शिक्रा की कोतवाल? पक्षी ओळखताना मोबाइलची मदत कशी घ्यावी

एका सकाळी आवाज ऐकून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपवर ‘शिक्रा’ हे नाव उजळलं आणि मी मान वर न करताच ते यादीत टाकून मोकळा झालो. थोड्या वेळानं बघतो तर समोरच्या शेंड्यावर दुभंगल्या शेपटीचा कोतवाल, शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतोय! कोतवालाची ही खोड मला चांगली ठाऊक होती, घाई नडली. तेव्हापासून ॲप नाव सुचवतं, पण पक्षी दिसल्याशिवाय मी ते लिहीत नाही.

तरी नवख्यानं सुरुवात मर्लिनपासूनच करावी. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं हे ॲप फुकट आहे. निघण्याआधी आपल्या भागातल्या पक्ष्यांच्या माहितीचं पॅक उतरवून ठेवा, म्हणजे रानात नेटवर्क नसलं तरी अडत नाही. पक्षी गप्प असेल तर जागा, तारीख, आकार, रंग आणि तो काय करत होता एवढं सांगा, ॲप संभाव्य नावं पुढे ठेवतं. आकार ठरवताना मनात चिमणी आणि कावळा आणायचा. दुर्बिणीतून सगळेच मोठे वाटतात.

आवाजाची शंका राहिलीच तर झेनो-कँटो. 2005 साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर जगभरातल्या हौशी मंडळींनी ध्वनिमुद्रणं चढवली आहेत. शोधताना शास्त्रीय नाव टाका. दर्जा ‘ए’ ते ‘ई’ असा दिलेला असतो, त्यातली ‘ए’वाली आधी ऐका. एकच मुद्रण ऐकून थांबू नका. गाणं वेगळं, धोक्याची हाक वेगळी, पिल्लांचा कालवा आणखी वेगळा. सोबतचा ध्वनिआलेख, म्हणजे आवाजाचं रेघांतलं चित्र, तेही बघत जा. दोन सारखे वाटणारे आवाज कानाला फसवतात, पण आलेखात एकाच्या रेघा वर चढतात आणि दुसऱ्याच्या खाली उतरतात. हे आवाज रानात स्पीकरवर वाजवून पक्ष्याला बोलावणं मात्र मला अजिबात पटत नाही. विणीच्या दिवसांत बिचारा घरटं सोडून नसलेल्या शत्रूला हुसकायला येतो.

पुस्तकात एक नाव आणि ॲपवर दुसरं, असा घोळ झाला की एव्हीबेस हे संकेतस्थळ. जुनी नावं, बदललेली नावं, वेगवेगळ्या भाषांतली नावं तिथे एकत्र सापडतात.

पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदींसाठी ई-बर्ड हे संकेतस्थळ, 2002 पासून चालू असलेलं. कुठे जायचं हे ठरवण्याआधी त्या जागेचा पट्ट्यांचा तक्ता उघडा. प्रत्येक महिन्याचे चार भाग केलेले असतात. पट्टी जिथे जाड, तिथे तो पक्षी दिसण्याचा संभव जास्त. यादी भरताना ‘ओळखलेले सगळे पक्षी नोंदवले का?’ असा प्रश्न येतो. कावळे-कबुतरं गाळली असतील तर सरळ ‘नाही’ म्हणा, कारण न दिसलेल्या पक्ष्यांचा हिशेबही या उत्तरावरूनच लागतो. आणि संख्येच्या जागी नुसती फुली मारण्यापेक्षा अंदाजे आकडा बरा. एखादी नोंद अनपेक्षित असेल तर तपासनीस पुरावा विचारतात. रागावू नका, फोटो किंवा चार ओळींचं वर्णन द्या.

जुनी यादी तिथे केव्हाही दुरुस्त करता येते. माझा तो शिक्रा मी त्याच रात्री काढून टाकला, आणि कोतवालापुढे ‘1’ लिहिला.