चारच विड्या ओढणाऱ्यासाठी तयारी (आणि खर्रा विचारायचा राहू नये म्हणून)

दिवसाला चार-पाच विड्या ओढणाऱ्या माणसाची विडी सोडवायला बसणार असाल, तर गोळ्या, गम, तारीख, फोन हे सगळं नंतर. आधी खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला) विचारा. मागच्या वर्षी मी तो विचारला नाही. सहा जणांची यादी केली होती, सगळे दिवसाला दहाच्या आत ओढणारे. तालुक्याच्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, मी दर आठवड्याला जाऊन बोलत राहिले, आणि तीन महिन्यांनी चौघांच्या नावापुढे रजिस्टरमध्ये ‘विडी बंद’ लिहिलं. पुढे उपकेंद्रात तिशीवरच्यांची तपासणी सुरू असताना त्यातल्याच एका काकांना तोंड उघडायला सांगितलं. तीन बोटं उभी जायला हवीत, तिथे दोन जेमतेम गेली, सुपारीने तोंड आखडलं होतं. आधी दिवसाला एक खर्रा खाणारे काका विडी सुटल्यावर पाच पन्न्यांवर गेले होते. मी विचारलं, काका, हे कधीपासून? ते म्हणाले, “खर्र्याचं तुमी कुठी इचारलं होतं मॅडम? तुमी तं इड्यायचंच इचारलं.” खरं होतं ते. म्हणून हे लिहून ठेवते आहे. आशाताईंच्या, नर्सताईंच्या, आणि घरच्याच माणसासाठी धडपडणाऱ्या कोणाच्याही कामी येईल.

ठरवलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधी कामाला लागा. पहिली अडचण अशी की हा माणूस स्वतःला व्यसनी समजतच नाही. “चारच तं ओढतो,” म्हणतो, आणि घरचेही मान हलवतात. त्याला हृदयाचं सांगा. 2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. दिवसाला 20 सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषाला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्याला असतो, असं त्यात निघालं. विसाव्या भागाची सिगारेट, पण धोका निम्मा. हे वाक्य मी शेंगा फोडत बसलेल्या माणसांना सांगितलं आहे, आणि त्यांचे हात थांबलेले पाहिले आहेत. विडी लहान म्हणून हलकी, हाही समज काढा. तेंदूच्या पानाची विडी सारखी विझते, म्हणून जोरात आणि पुन्हापुन्हा ओढावी लागते. निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात सिगारेटपेक्षा कमी जात नाही.

मग मोजणी. चार दिवस मोजायला लावा. वही देऊ नका, कोणी लिहीत नाही. डाव्या खिशात तुरीचे दाणे ठेवायचे, एक विडी ओढली की एक दाणा उजव्या खिशात. आणि खर्र्यासाठी हरभऱ्याचे दाणे, वेगळे. तूर विडीची, हरभरा खर्र्याचा. संध्याकाळी दोन्ही मोजून घरच्या कोणाला तरी सांगायचे. हरभरा द्यायला विसरू नका. मी तूरच दिली होती.

खर्रा कसा विचारायचा तेही सांगते, कारण ‘तुम्ही तंबाखू खाता का’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. आपल्याकडे खर्रा म्हणजे तंबाखू असं कोणी धरत नाही. तो चहासारखा आहे, पाहुण्यापुढे धरतात. म्हणून सरळ विचारा: काल दिवसभरात किती पन्न्या झाल्या? कोणासोबत अर्धी-अर्धी केली? वावरात निंदणाच्या वेळी मजुरांना वाटला का, त्यातला स्वतः किती खाल्ला? दात घासायला नस किंवा गुल (तंबाखूची पूड) लावता का? घरच्या बाईलाही विचारा, तिच्याबद्दलही. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे 3.8 टक्के निघाले आणि न ओढता तंबाखू घेणारे 24.4 टक्के. ज्या राज्यात चघळणारे ओढणाऱ्यांच्या सहापट आहेत, तिथे फक्त विडी मोजून कोणाला ‘कमी व्यसनाचा’ ठरवणं म्हणजे अर्धाच माणूस तपासणं. चार विड्या आणि तीन खर्रे असतील, तर तो कमी ओढणारा असेल, पण कमी निकोटीन घेणारा मुळीच नाही. औषधाचा सगळा हिशेब तिथेच बदलतो.

मोजणीसोबत आणखी एक गोष्ट विचारून घ्या: उठल्यावर पहिली विडी किंवा पहिला खर्रा किती वेळाने? अर्ध्या तासाच्या आत असेल तर आकडा लहान असला तरी ओढ मोठी आहे. डॉक्टरांना हे आवर्जून कळवा.

आता औषध. हे डॉक्टरच ठरवतील, तुम्ही आम्ही नाही. पण त्यांच्याकडे जाताना काय विचारायचं ते ठाऊक असावं. निकोटीनचा गम 2 आणि 4 मिलिग्रॅमचा येतो. पहिली तलफ उठल्यावर अर्ध्या तासानंतर येत असेल तर साधारण 2 चा. कातडीला चिकटवायची निकोटीनची पट्टी 21, 14 आणि 7 मिलिग्रॅमची असते. दिवसाला 10 किंवा त्याहून कमी सिगारेटी ओढणाऱ्याला सहसा 14 पासून सुरू करतात. व्हॅरेनिक्लिन ही गोळी सोडण्याच्या तारखेच्या एक आठवडा आधी सुरू होते: पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस अर्धा दोनदा, नंतर एक मिलिग्रॅम दोनदा, एकूण 12 आठवडे. जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्यायची, नाहीतर मळमळतं आणि माणूस तिसऱ्या दिवशी पाकीट फेकतो. स्वप्नं विचित्र पडू शकतात हे आधीच सांगा, म्हणजे तो भुताखेताचं मनात आणणार नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो. बुप्रोपिऑन ही दुसरी गोळी फिट येणाऱ्याला चालत नाही, आणि रोज भरपूर दारू पिणारा ती अचानक सोडत असेल तर त्यालाही नाही. मोहाच्या दारूबद्दल लाजू नका, स्पष्ट विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

गमची वापरायची पद्धत आपल्या माणसाला शिकवावीच लागते. खर्रा चघळायची सवय असलेला माणूस गमही तसाच भराभर चावतो. मग उचकी लागते, पोटात जळजळतं आणि “हे तं बेकार हाय” म्हणून सोडून देतो. हळू चावायचा, जीभ झिणझिणली की गालात दाबून ठेवायचा, झिणझिण कमी झाली की पुन्हा चावायचा, असं साधारण अर्धा तास. थुंकायचं नाही. आणि गमच्या 15 मिनिटं आधी किंवा तोंडात असताना चहा घ्यायचा नाही, चहाने निकोटीन तोंडातून नीट शोषलं जात नाही. गावात तर प्रत्येक दारात चहा! आधीच सांगून ठेवा.

इथे पुन्हा तेच. गम किंवा पट्टी सुरू असताना खर्रा चालूच राहिला, तर निकोटीन दोन्हीकडून जातं. चक्कर, मळमळ, धडधड होते, आणि दोष औषधाला मिळतो. आणि सुपारीने तोंड आखडतं ते वेगळंच, ते कुठल्याही गमने परत उघडत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या पाठीमागे पेनाने लिहून पाठवा: विड्या इतक्या, खर्रे इतके.

औषध आधी हातात घ्या, मग तारीख ठरवा. तालुक्याच्या मेडिकलमध्ये पट्टी असेलच असं धरू नका, फोन करून विचारा. सुरुवातीचे दोन आठवडे पुरेल इतका माल घरात हवा. मध्येच संपला की एस.टी.ने तालुक्याला जायचं आहे, आणि ती चक्कर कोणी मारत नाही.

आणि बोलणं. काही जण म्हणतात गोळी दिली की झालं, काही म्हणतात मन घट्ट हवं, गोळीची काय गरज. दोघांनाही सांगा. गोळी अंगाची तलफ कमी करते, पण डवरणी थांबवून धुऱ्यावर बसल्यावर शेजारचा भाऊ काडी पेटवतो त्या घडीचं ती काही करत नाही. कमी ओढणारा माणूस बहुतेक वेळा ठरावीक जागी, ठरावीक सोबतीत ओढतो. म्हणून त्याच्या बाबतीत बोलण्याला जास्तच काम आहे. दोन्ही एकत्र दिल्याचा फायदा तपासलेला आहे. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते, तिच्या 2016 च्या आढाव्यात 50 हून अधिक चाचण्या एकत्र पाहिल्या. नुसता थोडका सल्ला किंवा नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांत सोडण्याचं प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी जास्त होतं. अडचण एवढीच की कमी ओढणाऱ्यांना पुष्कळ औषध-चाचण्यांत घेतलंच जात नसे. अमेरिकेत 500 कृष्णवर्णीय प्रौढांवर झालेली एक चाचणी 2022 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात त्यांनाही घेतलं होतं. समुपदेशन सगळ्यांना सारखंच, फरक फक्त व्हॅरेनिक्लिनचा. सहा महिन्यांनी गोळी मिळालेल्यांपैकी 15.7 टक्के आणि नकली गोळी मिळालेल्यांपैकी 6.5 टक्के सुटलेले होते, आणि कमी ओढणाऱ्यांनाही गोळीचा उपयोग झाला. आकडा लहान वाटला तर घाबरू नका. पहिल्या खेपेला बहुतेकांचं सुटत नाही हेही त्यातूनच कळतं, म्हणून दुसऱ्या खेपेची तयारी मनात ठेवा.

तर बोलण्याच्या तारखा गोळीसोबतच ठरवा. एक भेट आधी, मग तिसरा दिवस, सातवा, चौदावा, महिना. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात, म्हणून तिसऱ्या दिवशी घरी जाच, फोनवर भागवू नका. तुम्हाला वेळ नसेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन आहे, 1800-11-2356, फुकट, हाच नंबर 2018 पासून पाकिटांवर छापतात. जिल्हा रुग्णालयातही राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाचा समुपदेशक असतो. गडचिरोलीत असाल तर मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्ती अभियानाची माणसं तालुक्यात भेटतील.

तारीख पोळ्याच्या आसपास नको. पेरणीच्या घाईत नको, फवारणीच्या आठवड्यात नको, घरात लग्न असेल तेव्हा तर मुळीच नको. सोयाबीन सोंगून झालं, कापसाची पहिली वेचणी व्हायची आहे, असा मोकळा आठवडा बरा.

आदल्या दिवशी घर झाडून घ्या. विड्यांचं बंडल, थोटकं, सिगारेटचं पाकीट. काडीपेटी वहिनीच्या ताब्यात, चुलीजवळ. खर्र्याच्या पन्न्या वेगळ्या शोधा: सदऱ्याच्या वरच्या खिशात, उशीखाली, गाडीच्या डिक्कीत, बंडीच्या साटीत, गोठ्याच्या आड्यावर. विडी फेकून देणारा माणूस खर्रा ठेवून घेतो, “हे राहू द्या, आधाराले.” ठेवू देऊ नका! हाच आधार त्या काकांनी पकडला होता. विडी आणि खर्रा एकाच दिवशी सोडायचे. जमणारच नसेल तर निदान खर्र्याची संख्या ठरवून द्या आणि रोज मोजा, मोकळी सोडू नका.

पानठेल्यावरची उधारी फेडून टाका. हे कोणी सांगत नाही, पण खातं उघडं असलं की माणूस पैसे द्यायला म्हणून जातो आणि पुडी घेऊन येतो. ठेलेवाल्या भाऊला स्वतः जाऊन भेटा, महिनाभर याला काही देऊ नको म्हणा. ऐकतात, मी पाहिलं आहे.

सोडायच्या दिवशी विशेष काही नाही. पाणी, सोबतीला भाजलेले फुटाणे किंवा बडीशेप (सुपारी नको), हाताला काम. तलफ काही मिनिटांची असते, तेवढी जाऊ द्यायची. जेवणानंतर आणि पारावर बसताना जास्त येईल, तेव्हा गम आधीच तोंडात.

नंतरचं थोडक्यात. एखादी विडी ओढली गेली तर गोळी बंद करायची नाही, त्याच संध्याकाळी बोलायचं. पंधरा दिवसांत बरं वाटतं म्हणून औषध सोडू द्यायचं नाही, व्हॅरेनिक्लिनचे 12 आठवडे म्हणजे 12. चिडचिड होईल, झोप उडेल, भूक वाढेल, महिन्याभरात कमी होतं. प्रत्येक भेटीत दोन प्रश्न: विडी किती, खर्रा किती. दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय उठायचं नाही.

तीन महिन्यांनी रजिस्टरमध्ये ‘बंद’ लिहिण्याआधी तोंड उघडायला लावा, बोटं मोजा, खिसा दाखवायला सांगा. मग लिहा.