उताराच्या परसात ओहोळ नि छोटा धबधबा करायचा असेल तर आधी खालची टाकी ठरवा

आमचं परसू चांगलं उताराचं आहे, वरच्या फणसापासून खालच्या गडग्यापर्यंत साधारण दीड मीटर उतार. अशी जागा असली की सगळ्यांच्या डोक्यात आधी धबधबाच येतो, पण प्लॅनिंग खालून वर करायचं, म्हणजे पाणी शेवटी जिथे जमणार ती टाकी पहिली.

कारण सांगतो. पंप चालू असताना ओहोळात जे पाणी वाहत असतं ते टाकीतूनच उचललेलं असतं. ६ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद ओहोळात ५ सेंटीमीटरचा थर धरला तर १५० लिटर झाले. २ बाय दीड मीटरच्या टाकीत तेवढ्याने पातळी ५ सेंटीमीटर उतरते, ते चालतं, पण टाकी लहान असेल तर पंप कोरडा पडतो आणि बंद केला की ओहोळातलं वाहतं पाणी परत येऊन टाकी भरून वाहते. खोली ६० सेंटीमीटर तरी ठेवा.

मग उतार. ओहोळ सरळ घसरगुंडीसारखा खणू नका, पायऱ्या करा, म्हणजे एक सपाट डबकं, मग दगडाचा उंबरा, मग पुढचं डबकं. पंप बंद असला तरी डबक्यात पाणी राहतं आणि उन्हाळ्यातही ओहोळ ओकाबोका दिसत नाही. लेव्हलसाठी गवंड्याची पारदर्शक नळी बेस्ट, तिच्यात पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन्ही काठांना दोन टोकं धरायची आणि पाणी जिथे थांबेल तिथे खूण करायची. काठ एका बाजूने दोन बोटं जरी खाली राहिला तर पाणी तिथूनच बाहेर जाणार, मग दगड कितीही सुंदर लावा.

नुसत्या सिमेंटवर विसंबू नका. मी पहिल्यांदा तेच केलं होतं, दुसऱ्या पावसात भराव बसला आणि केसाएवढ्या चिरेतून रोज बादल्या बादल्या पाणी गायब, चीर शोधण्यातच महिना गेला. आता शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद टाकलाय, खाली जुनी गोणपाटं आणि बारीक वाळू. हा कागद ताठ असतो, वळणावर घड्या पडतात, म्हणून वळणं मोठी ठेवा. बजेट असेल तर रबरी ईपीडीएम लायनर घ्या, तो छान वळतो. माप काढताना रुंदी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही काठांना एकेक फूट, आणि कापायची घाई दगड लावून पाणी सोडून बघेपर्यंत अजिबात करू नका.

उंबऱ्यावर पाणी जिथून पडतं तिथे काळ्या दगडाची सपाट फरशी लावा. जांभा काठाला शोभतो, पण पाणी पितो आणि धारेखाली झिजतो. फरशीच्या खालच्या फटी नीट बुजवा, नाहीतर पाणी दगडावरून पडायच्या ऐवजी खालून निघून जातं.

पंप: एक फूट रुंद धार छान दिसायला ताशी ४५०० ते ५००० लिटर लागतात. डब्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो, म्हणून आपल्या उंचीला तो किती देतो ते चार्टवर बघा, पाईप आणि बेंडसाठी अर्धा मीटर जास्त धरा. पाईप दीड इंची घ्या. १०० वॅटचा पंप दहा तास चालला की एक युनिट. लाईनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन लगेच तोडणारा स्विच) हवाच हवा, पाण्यात हात घालणारी पोरं घरात असतात.

कोकणात राहत असाल तर वरच्या बाजूला आडवा चर खणून पावसाचं पाणी बाजूने काढून द्या, नाहीतर जुलैत लाल माती सगळी टाकीत. आणि डबक्यांत गप्पी मासे सोडा, साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास होतो, पंप चार दिवस बंद राहिला तरी मासे अळ्या खातात.

सगळं झालं की आधी एक दिवस पंप चालवून रात्री बंद करा, टाकीत पातळीची खूण करा आणि सकाळी बघा. खूण बरीच खाली गेली असेल तर गळती टाकीतच आहे. खूण जागच्या जागी असेल पण पंप चालू असतानाच पाणी कमी होत असेल तर काठ आणि उंबरे तपासा.