दवाखान्यातल्या सतत हात लागणाऱ्या जागा निर्जंतुक कशा कराव्यात

फिनाइलचा वास सुटला की दवाखाना स्वच्छ झाला, ही समजूत आमच्या मराठवाड्यात गल्लोगल्ली आहे. फरशी दिवसातून तीनदा पुसतात आणि दाराच्या कडीकडे कुणी बघत नाही. पेशंटचा हात कुठे कुठे लागतो ते एकदा उभं राहून बघा: कडी, खुर्चीचे हात, काउंटरची कड, पिण्याच्या पाण्याच्या जारचा नळ, दोरीला बांधलेला पेन, तपासणीच्या टेबलाची कड, पंख्याचं बटण, बेसिनचा नळ. या जागा सकाळी, दुपारी आणि शेवटचा पेशंट गेल्यावर पुसायच्या. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून गर्दी येते, त्या दिवशी आणखी दोन वेळा.

हातमोजे घाला, खिडक्या उघडा, आधी साबणाच्या पाण्याने मळ काढा. घाम-तेलाच्या थरावर औषधातलं क्लोरीन वाया जातं. टँकरचं गढूळ पाणी असेल तर रात्रभर निवळू द्या आणि वरचंच घ्या.

औषध म्हणून मी सोडियम हायपोक्लोराइटच, म्हणजे क्लोरीनवालं जंतुनाशक, सांगेन. बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्यात बेंझाल्कोनियमवाली (दुसऱ्या प्रकारची जंतुनाशक) औषधं कमजोर पडतात, हायपोक्लोराइटला त्या क्षारांचा फरक पडत नाही. बाटलीवरचा टक्का वाचा. ५ टक्क्यांचं असेल तर २० मिली घेऊन पाण्याने १ लिटर करा, १० टक्क्यांचं असेल तर १० मिली पुरे, दोन्हीकडे ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. ‘एक झाकण’ हे माप नव्हे, सिरिंजने मोजा. रोज ताजं करा आणि उरलेलं संध्याकाळी टाकून द्या. मूळ बाटली उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवली तर तिची ताकद जाते. संडास धुवायचं ॲसिड यात कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

आता खरी अवघड पायरी, जागा ओली ठेवणं. मला सगळ्यात जास्त छळलं ते हिनेच. औषधाला जंतू मारायला वेळ लागतो आणि जागा ओली आहे तोवरच तो वेळ धरायचा. तो बाटलीवर छापलेला असतो, कुठे १ मिनिट, कुठे १०. पण मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे, डोक्यावर पंखा, कोपऱ्यात कूलर. घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसलेली कडी पाठ फिरवेपर्यंत वाळते. तिथे फक्त धूळ निघते, जंतू राहतात.

म्हणून सकाळची फेरी ऊन चढायच्या आत, दवाखाना उघडण्यापूर्वी करा. पंखा-कूलर बंद करा. फडकं टपकणार नाही इतकंच पिळा. एका वेळी हातभर जागा घ्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा, वेळेआधी वाळू लागली तर पुन्हा ओली करा. चमक यावी म्हणून मागोमाग कोरडं फडकं फिरवायची सवय फार ठिकाणी आहे, ती मोडा. मावशींना नुसतं ‘नीट पुसा’ म्हणून भागत नाही. किती वेळ ओलं ठेवायचं आणि का, हे त्यांच्याजवळ बसून सांगा. दवाखान्याचं आरोग्य त्यांच्या हातात आहे.

फवाऱ्याने काम उरकू नका. थेंब ठिपक्याठिपक्यांनी पडतात, मधली जागा कोरडी राहते आणि औषध पुसणाऱ्याच्या छातीत जातं.

स्पिरिट तर हायपोक्लोराइटच्या द्रावणाहून लवकर उडतं. ते बीपीचा पट्टा, स्टेथोस्कोप, मोबाइल यांपुरतं ठेवा. ७० टक्क्यांचंच घ्या, त्यातल्या पाण्यामुळे ते जंतूंवर जास्त चांगलं चालतं. पट्टा आणि स्टेथोस्कोप प्रत्येक पेशंटनंतर पुसा. फोटोपुढची उदबत्ती विझल्याशिवाय स्पिरिटची बाटली उघडू नका.

फडक्याबद्दल माझं मत ठाम आहे. वापरलेलं फडकं द्रावणात परत बुडवायचं नाही. घडी घाला, प्रत्येक जागेला नवी बाजू लावा, सगळ्या बाजू झाल्या की धुण्यात टाका आणि दुसरं घ्या. पाणी कमी आहे म्हणून एकच बादली दिवसभर चालवणारे मी पाहिलेत. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळे पाण्याची ओढ मला ठाऊक आहे. पण लहान दवाखान्याच्या एका फेरीला १ लिटर द्रावण पुरतं. पाच-सहा फडकी आधीच त्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवली की बादली लागतच नाही. स्वच्छ जागेकडून घाण जागेकडे जा, बेसिन आणि संडासाची कडी शेवटी.

रक्त सांडलं असेल तर त्यावर कापूस टाका, १ टक्क्याचं द्रावण ओता (५ टक्क्यांच्या औषधाचा एक भाग, पाण्याचे चार), १० मिनिटं थांबा, कापूस दवाखान्यातल्या दूषित कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाका आणि जागा पुन्हा पुसा.

स्टीलच्या कड्या, सलाइनचा स्टँड आणि टेबलाचे पाय वेळ पूर्ण झाल्यावर साध्या पाण्याने पुसून कोरडे करा, नाहीतर गंज चढतो आणि त्या खडबडीत जागेतला मळ पुढे निघत नाही.