ट्रॅक्टरचा हात ऑडीला लावू नका: घरी ऑइल-फिल्टर बदलताना या चुका टाळा

मळ्यातल्या शेडमध्ये मी पहिल्यांदा ऑडीचं ऑइल बदलायला घेतलं, तेव्हा शेजारच्या बांधावरून आप्पा आले. गाडीखालून माझे फक्त पाय दिसत होते.

"काय करू राहिला भो?"

"ऑइल बदलतोय आप्पा."

"हां. मग त्यात काय एवढं?"

खरंच, त्यात काय एवढं? यावल-रावेरकडच्या मळ्यात वाढलेल्या पोरानं मिसरूड फुटायच्या आधी ट्रॅक्टरच्या चेंबरचा (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचा) नट खोललेला असतो. घमेलं सरकवायचं, काळं तेल सांडायचं, फिल्टर हातानं आवळायचा, डबा उपडा करायचा. माझ्या त्या दिवशीच्या सगळ्या चुका याच सवयीतून झाल्या. ट्रॅक्टरला हाताचा अंदाज चालतो, तो सोसून घेतो. या गाड्यांना आकडा लागतो.

घरी करायचं कारणही सांगतो. जळगाव-धुळ्यात आता जुन्या ऑडी ए-फोर, मर्सिडीज सी-क्लास, बीएमडब्ल्यू थ्री सिरीज बऱ्याच दिसतात. सेकंडहँड घेताना परवडतात, पण कंपनीचं वर्कशॉप गाठायचं तर नाशिक नाहीतर संभाजीनगर. जळगावहून अजिंठ्याचा घाट चढून दीडशे किलोमीटर जा, दिवसभर सोफ्यावर बसून मशीनची कॉफी प्या आणि रात्री परत या. घरी हेच काम दोन-अडीच तासांचं आहे. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र या फंदात पडू नका. सर्व्हिसच्या नोंदी कंपनीच्या सिस्टीममध्ये असलेल्या बऱ्या.

डब्यावरचा मोठा आकडा बघून तेल आणणे

दुकानात जाऊन "5डब्ल्यू-30 द्या" एवढंच म्हणालात, तर अर्धी चूक तिथेच झाली. हा आकडा फक्त तेलाचा जाडपणा सांगतो. आधीचा भाग गार इंजिन सुरू होतानाचा, नंतरचा 30 हा 100 अंश तापल्यावरचा. एकाच आकड्याची दोन तेलं स्वभावानं अगदी वेगळी असू शकतात. छोट्या पेट्रोल गाडीसाठीचं 5डब्ल्यू-30 आणि जर्मन डिझेलसाठीचं 5डब्ल्यू-30 शेजारी शेजारी ठेवा: 150 अंशांवर, जोराच्या घर्षणात मोजलेला जाडपणा दुसऱ्याचा किमान 3.5 (मिलिपास्कल-सेकंद) असावा लागतो, पहिल्याचा 2.9 असला तरी चालून जातं. टर्बोच्या (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) बेअरिंगला हाच फरक भोवतो.

म्हणून डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ऑडी डिझेलला, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असेल तर, व्हीडब्ल्यू 507.00 हा ऑडीच्या मूळ कंपनीचा, फोक्सवॅगनचा दर्जा लागतो (बहुतेक डब्यांवर 504.00/507.00 असं जोडीनं छापलेलं असतं). मर्सिडीजच्या डीपीएफवाल्या डिझेलला बहुधा एमबी 229.51 किंवा 229.52, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-04. तुमच्या मॉडेलला नेमकं काय, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि तेच खरं. आणखी एक बारकावा: 'अप्रूव्हल' लिहिलेलं असणं आणि 'या गाड्यांसाठी योग्य' लिहिलेलं असणं यात फरक आहे. पहिल्यात गाडीच्या कंपनीनं तेल तपासलेलं असतं, दुसऱ्यात तेलवाला स्वतःच सांगत असतो.

डीपीएफची ही गाळणी सायलेन्सरच्या वाटेवर असते. काजळी ती अधूनमधून जाळून टाकते. पण तेलातल्या रसायनांची राख जळत नाही, ती आतच साचते. म्हणून या गाड्यांच्या तेलात राखेचं प्रमाण 0.8 टक्क्यांपर्यंतच ठेवलेलं असतं. ट्रॅक्टर-ट्रकच्या 15डब्ल्यू-40 मध्ये ते साधारण एक टक्क्याच्या वर जातं. घरात अर्धा डबा पडलाय म्हणून तेच ओतलं, तर इंजिन लगेच कुरकुरणार नाही. महागडी गाळणी मात्र हळूहळू बुजत जाईल.

मग आपल्याकडचा लाडका सल्ला येतो: "भुसावळचं ऊन आहे भाऊ, 20डब्ल्यू-50 टाक, पातळ तेल जळून जाईल." ऊन आहे, मान्य. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पण थर्मोस्टॅट इंजिनचं पाणी जानेवारीतही नव्वदच्या आसपासच ठेवतो आणि मेमध्येही. रस्त्याला लागलेल्या गाडीचं तेल एरवीही शंभरच्या घरात असतं. बाहेरच्या उन्हानं त्यात थोडी भर पडते, पण ती कंपनीनं धरलेली असते. जाड तेलाचा त्रास उलट डिसेंबरच्या पहाटे होतो, जेव्हा आपण भरीत पार्टीहून गारठत निघतो आणि टर्बोपर्यंत तेल पोचायला उशीर होतो.

चढवणे

यावर जास्त बोलत नाही. काळ्या मातीवर जॅक लावू नका, तो खाली जातो. सिमेंटचा सपाट कोबा हवा. गाडीसोबत आलेला जॅक पंक्चरपुरता असतो. ट्रॉली जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा, शेजारच्या पत्र्याला नाही, आणि खाली दोन्ही बाजूंना घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय डोकं आत घालू नका. विटांचा थर म्हणजे घोडी नव्हे. एअर सस्पेन्शन असेल तर स्क्रीनवरून जॅकचा मोड आधी चालू करा.

इंजिन सात-आठ मिनिटं चालवून तेल कोमट करा, म्हणजे ते मोकळं वाहतं. महामार्गावरून येऊन लगेच नट खोलू नका. शंभर अंशांचं तेल कोपरापर्यंत ओघळतं. हे मला विचारा.

फिल्टर: माझी फसगत इथे झाली

ट्रॅक्टरचा फिल्टर म्हणजे पत्र्याचा डबा. या गाड्यांत बहुतेक वेळा वरच्या बाजूला प्लास्टिकचं झाकण असतं आणि आत कागदी कार्ट्रिज. पहिला नियम: चेंबरचा नट खोलण्याआधी हे झाकण सैल करा. फिल्टरच्या घरात अडकलेलं तेल खाली चेंबरमध्ये उतरतं आणि उरकायच्या वेळी इंजिनवर सांडासांड होत नाही.

झाकणाला चेन पाना लावू नका. माझ्या ए-फोरला 32 ची गोटी (सॉकेट) बसते, बऱ्याच मर्सिडीज-बीएमडब्ल्यूला वाटीसारखी खास गोटी लागते. ती काही फार महाग नसते. तडा गेलेलं झाकण जळगावात लगेच मिळत नाही आणि गाडी शेडमध्ये अडकून पडते.

आता ओ-रिंग. फिल्टरच्या खोक्यात एक मोठी रबरी रिंग येते, काही मॉडेलला दांड्यासाठी एक-दोन छोट्याही येतात. छोट्या रिंगा खोक्याच्या तळाशी चिकटून राहतात आणि खोक्याबरोबर कचऱ्यात जातात. मोठी रिंग झाकणाच्या ठरलेल्या खाचेतच बसते. मी ती घाईत आट्यांच्या वरच्या कडेला चढवली. दिसायला घट्ट बसली होती. झाकण आवळलं, गाडी सुरू केली, पाच मिनिटं सगळं छान. दुसऱ्या दिवशी धुळ्याला निघालो, तर एरंडोलच्या अलीकडे एसीतून जळकट वास. आधी वाटलं, कुणीतरी शेतात काडीकचरा पेटवलाय. काचा वर असूनही वास वाढला तेव्हा थांबलो. बॉनेट उघडलं तर झाकणाच्या कडेनं तेल पाझरून गरम भागावर ठिपकत होतं. जवळजवळ अर्धा लिटर गेलं होतं.

त्या दिवसापासून मी तीन गोष्टी करतो. जुनी रिंग काढून नव्या रिंगेशेजारी ठेवतो, म्हणजे जुनी कुठल्या खाचेतून निघाली ते डोळ्यांपुढे राहतं आणि ती आत राहून दोन रिंगा एकावर एक बसत नाहीत. नव्या रिंगेला बोटानं ताजं तेल लावतो. कोरडी रिंग आवळताना पिळवटते. आणि झाकण टॉर्क रेंचनं (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं) आवळतो, माझ्या गाडीला 25 न्यूटन मीटर. हा आकडा बऱ्याचदा झाकणावरच कोरलेला असतो.

चेंबरचा नट

चेंबर बऱ्याचदा अॅल्युमिनियमचं, नट लोखंडी. झगडा झाला तर आटे कुणाचे जाणार, हे सांगायला नको. नट आधी हातानं चार-पाच फेरे फिरला पाहिजे. अडला तर पाना लावून रेटू नका, काढून पुन्हा सरळ लावा.

आवळायचा किती? माझ्या नटाला 30 न्यूटन मीटर आहे. हे हाताला समजावं म्हणून सांगतो: एक फूट लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचं ओझं टांगलं, तर एवढा जोर होतो. म्हणजे केळीचा साधारण अर्धा घड. आपण ट्रॅक्टरचा नट पाइप घालून, छाती लावून आवळतो, त्यात चार घडांचा जोर असतो. टॉर्क रेंच विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून एक दिवस मागून आणा.

वायसर दर वेळी नवं. ते एकदाच दाबून बसण्यासाठी बनवलेलं असतं. ऑडीत वायसर नटालाच जोडलेलं येतं, म्हणून नटच नवा घ्यायचा. जुनं वायसर वापरलं की गळती लागते, गळती थांबवायला माणूस अजून आवळतो, आणि मग आटे जातात.

निघालेलं तेल घमेल्यात जरा बघा. डिझेलचं तेल काळंकुट्ट असणारच, त्यानं घाबरू नका. चमचमणारी धातूची कणी दिसली किंवा चहासारखं दुधाळ तेल निघालं, तर काम तिथेच थांबवून जाणकाराला दाखवा. आणि जुने मिस्त्री करतात तसं अर्धा लिटर रॉकेल-डिझेल घालून इंजिन 'धुवून' काढू नका. त्यातलं थोडं आतच राहतं आणि नवं तेल पातळ करतं.

आणलंय म्हणून सगळं ओतणे

पाच लिटरचा डबा आणि वर एक लिटरचा. डब्यात थोडं उरलं की जीव कासावीस होतो. आप्पा म्हणालेच, "शिल्लक कशाला ठेवतो? जास्त झालं तर इंजिनला चांगलंच ना."

चांगलं नाही. पातळी फार वर गेली की फिरता क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) तेलात आपटतो आणि ताकासारखा फेस करतो. फेसात हवा असते, ती बेअरिंगला आधार देत नाही. शिवाय तेलाची वाफ ब्रीदरमधून (चेंबरची वाफ वाहून नेणाऱ्या नळीतून) पुन्हा इंजिनात ओढली जाते, निळा धूर येतो, डीपीएफ बुजतं. फारच झालं तर डिझेल इंजिन त्या तेलावरच पळत सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही.

अडचण अशी, की माझ्या गाडीत तेल बघायची काडीच नाही. पातळी स्क्रीनवर बघायची. इंजिन गार असेल, गाडी उताराला असेल, तर तो आकडा खोटा निघतो किंवा येतच नाही. म्हणून फिल्टरसह किती तेल लागतं ते मॅन्युअलमध्ये बघून त्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओततो. गाडी घोड्यांवरून उतरवून सपाटीवर घेतो, इंजिन पूर्ण गरम करतो, बंद करून काही मिनिटं थांबतो, मग वाचतो. पुढचं तेल दोनशे-दोनशे मिलीनं. खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं, त्यामुळे वरच्या खुणेच्या जरा खाली राहिलेलं काही बिघडत नाही. जास्त झालंच तर वरून सक्शन पंपानं ओढून काढा.

तेल घातल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर "गाडी तेल खात नाही" म्हणून खूश होऊ नका. डीपीएफ साफ करताना इंजिन जादा डिझेल फवारतं. घर ते एमआयडीसी अशा सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ती सफाई पुरी होत नाही आणि ते डिझेल चेंबरमध्ये उतरतं. आठवड्यातून एकदा गाडी भुसावळपर्यंत एकसारख्या वेगानं नेऊन आणली की हा त्रास पुष्कळ कमी होतो. माझा तरी झाला. वाढलेली पातळी मात्र वाट न बघता तेल बदलूनच दुरुस्त होते. माझा वापर असा शहरी आणि धुळीचा असल्यानं मी पंधरा हजार किलोमीटरची वाट न बघता दहा हजारांतच बदलतो.

सुरू केल्यावर

पहिल्यांदा सुरू करताना लाल कॅनचा दिवा दोन-चार सेकंद राहतो. नवा फिल्टर भरेपर्यंत दाब येत नाही. तेवढ्यात रेस करू नका. त्याहून जास्त वेळ राहिला तर लगेच बंद करा. लाल म्हणजे दाब नाही, पिवळा म्हणजे पातळी कमी. पिवळ्यावर सावकाश घरी येता येतं, लाल लागला की जिथं असाल तिथंच. सर्व्हिसची सूचना बॅटरीची वायर काढून जात नाही, ती मेनूतून किंवा स्कॅनरनं रिसेट करावी लागते.

जुनं तेल पाच लिटरच्या रिकाम्या डब्यात परत भरतो. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला मागणारे येतात, बांधावर ओतायला सांगणारेही असतात. कायद्यानं ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि आमच्या बांधापासून विहीर चाळीस पावलांवर आहे. मी ते गॅरेजच्या पिंपात देतो, तिथून रिसायकलिंगवाले उचलतात.

एक राहिलं. इंजिनखालचं प्लास्टिकचं पत्रं सगळ्यात शेवटी लावा. एरंडोलच्या आदल्या रात्री मी गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला होता आणि सकाळी तो कोरडा बघून खुशाल निघालो होतो. सगळं तेल त्या पत्र्यातच साचत होतं. आता पत्रं न लावता पंधरा मिनिटं इंजिन चालवतो, बंद करतो, टॉर्च घेऊन नट आणि फिल्टरचं झाकण कोरड्या फडक्यानं पुसून बघतो. फडकं कोरडं निघालं की मग पत्र्याचे स्क्रू.