काचेवर उडालेला रंग काढताना या चुका टाळा

सोसायटीच्या गेटला कॉम्प्रेसर लावून चंदेरी रंग मारला, त्या दिवशी माझी गाडी तिथून दहा-बारा फुटांवर उभी होती. संध्याकाळी काच धुळकट दिसली. फडकं मारलं तरी जाईना. नखाने टोकरलं तेव्हा कळलं, ही धूळ नव्हे, रंग आहे.

गनमधून उडालेले तुषार हवेतच अर्धेमुर्धे सुकतात. ते काचेत मुरत नाहीत, नुसते वर चिकटून बसतात. म्हणजे ते निघतात. गाडी खराब होते ती बहुतेक वेळा ते काढायच्या घाईने.

माझी घाई म्हणजे थिनर. पेंटरच्या डब्यात उरलेलं थिनर चिंधीवर घेतलं आणि काच पुसली. काच लख्ख झाली, कारण काचेला थिनरने काही होत नाही. पण ओघळ खाली रबरी बीडिंगवर गेला आणि ते फुगून चिकट झालं. आरशाखालच्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढुरका डाग पडला, तो आजही आहे. हल्लीच्या गाड्यांचा हेडलाइट तर काचेचा नसतोच. ते पॉलीकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं आणि थिनरने त्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात. पेट्रोलचंही तेच, शिवाय आगीची भीती वेगळी.

आधी गाडी सावलीत घ्या, काच गार होऊ द्या आणि शाम्पूने धुवा. भिंतीचा पाण्यातला रंग ताजा असेल तर कोमट पाण्यानेच सुटतो. ऑइल पेंट राहिला तर क्ले बार, म्हणजे चिकटलेले कण उचलून घेणारी मातीसारखी मऊ वडी. शाम्पूचं पाणी भरपूर मारून क्ले हलक्या हाताने फिरवायचा आणि मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. क्ले जमिनीवर पडला तर सरळ कचऱ्यात टाका. धुऊन परत वापराल तर त्यात रुतलेली खडी काचेवर, बॉनेटवर ओरखडे काढेल. काम झालं की नाही हे पाहायला हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि बोटं फिरवा. डोळ्यांना न दिसणारी खरखर लगेच कळते.

ब्लेड सगळ्यात शेवटी, आणि तेही फक्त काचेवर. कोरं ब्लेड, होल्डरमध्ये, काच ओली, कोन साधारण ३० अंशांचा. ब्लेड पुढेच ढकलायचं. मागे ओढलं की खाली अडकलेला कण काच चरत जातो. मागच्या काचेला आतून डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारा असतात, तिथे ब्लेड नकोच. भांडी घासायची तारेची घासणी तर गाडीच्या आसपासही नको.

ट्रिमचं, म्हणजे बाहेरच्या प्लॅस्टिकच्या भागांचं काम जास्त किचकट. खरबरीत काळ्या प्लॅस्टिकच्या खळग्यांत ठिपके बसतात, तिथे क्ले पोचत नाही, उलट त्याचेच तुकडे अडकतात. पॉलिश घासलं तर सुकून पांढरं दिसतं. मऊ टूथब्रशवर डब्ल्यूडी-४० घ्या, आधी कोपऱ्यात लावून पाहा, मग थोडं थोडं घासून पुसा आणि शेवटी शाम्पूने तेलकटपणा काढा. हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घातलेला पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन रंग पूर्ण सुकला असेल तर मात्र प्लॅस्टिकवर प्रयोग न करता डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणाऱ्याकडे न्या.

आणि काच साफ होईपर्यंत वायपर चालवू नका. मी पाणी मारून चालवला होता. ठिपक्यांवर घासून रबराची धार गेली, आणि पहिल्याच पावसात नेमकी ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर एक पट्टी पुसायची राहू लागली.