फुटबॉलमध्ये स्ट्रायकर व्हायचंय? सोलापूरच्या पोरांनो, पहिली तीन वर्षं अशी काढा

शाळेच्या स्पर्धेत पोरानं चार-पाच गोल मारले की घरचे, मित्र, गल्लीतले सगळे एकच विचारायला लागतात, क्लबची ट्रायल, म्हणजे निवड चाचणी, कधी? माझा भाचा सतरा वर्षांचा आहे, नऊ नंबर, म्हणजे पुढं राहून गोल मारणारा स्ट्रायकर, खेळतो, त्याच्या मागं तीन वर्षं पळून मला जे कळलं ते इथं लिहितोय, कारण हे आम्हाला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर त्याचा एक अख्खा सीझन वाचला असता. ट्रायलचं नंतर बघू. आधी हे विचारा की येत्या वर्षात पोराला पूर्ण मॅच किती खेळायला मिळणार.

आमची चूक हीच झाली. बाहेरगावच्या एका नावाजलेल्या क्लबनं ज्युनियर टीममध्ये घेतलं, आम्ही पेढे वाटले, आणि पोरगं वर्षभर बेंचवर. तिथं आधीच दोन स्ट्रायकर होते हे आम्ही विचारलंच नव्हतं. सोडून दुसरीकडं जावं म्हटलं तर रजिस्ट्रेशन त्यांच्याकडं, आणि ते सोडेनात. डिफेंडरला सरावात बरंच शिकता येतं पण गोलसमोर अर्ध्या सेकंदात काय करायचं ते मॅचमध्येच कळतं, दुसरीकडं कुठंच नाही. भारताकडून सगळ्यात जास्त गोल मारणारा सुनील छेत्री 2002 मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान क्लबला गेला, पण पुढं 2005 ला तो पंजाबच्या जेसीटी क्लबकडं गेला आणि तिथं खऱ्या अर्थानं जम बसला, त्याच वर्षी भारताकडून पाकिस्तानविरुद्ध पहिली मॅच खेळला आणि त्यातच गोल मारला. आपल्याच महाराष्ट्रातला, कोल्हापूरचा अनिकेत जाधव बघा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारच्या निवासी क्रीडा शाळेत, तयार झाला, 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला आणि मग इंडियन अॅरोज टीममध्ये गेला, ती टीमच मुळात तरुण पोरांना आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेच्या मॅच मिळाव्यात म्हणून होती. म्हणून लहान क्लब असला तरी चालेल, खेळायला मिळायला पाहिजे.

मग सुरुवात कुठून करायची? शाळेत असाल तर सुब्रतो कप, जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य असं वर जाता येतं. क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा, स्वतः जाऊन विचारा, फोनवर भागत नाही. आणि कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींच्या, म्हणजे तिथल्या पेठांच्या टीमच्या, मॅच बघायला एकदा तरी पोराला न्या की वो, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, तिथं लोक फुटबॉलसाठी काय जीव टाकतात ते बघून आमचं पोरगं दोन दिवस नीट जेवलं नव्हतं.

आता कागद. हे कंटाळवाणं आहे पण करिअर इथंच अडकतं. जन्मदाखला खराच पाहिजे. वय चोरायच्या भानगडीत अजिबात पडू नका, मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, त्यात सापडलं की पोराचं नाव कायमचं खराब. क्लब फुटबॉल फेडरेशनच्या सिस्टीममध्ये पोराचं रजिस्ट्रेशन करतो, तेव्हा कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवायची. फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, नियम आहे की अठराच्या खालच्या खेळाडूला तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचं प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्ट करता येत नाही, त्यामुळं कुणी पाच वर्षांचा कागद पुढं केला तर तिथंच उठायचं. एका सीझनमध्ये जास्तीत जास्त तीन क्लबकडं रजिस्टर होता येतं पण ऑफिशियल मॅच साधारण दोनच क्लबकडून, म्हणजे घाईनं क्लब बदलला तर पुढचं दार बंद होऊ शकतं. एजंट म्हणून कुणी आलं तर त्याच्याकडं फिफाचं लायसन्स आहे का ते बघा. आणि परदेशात ट्रायल देतो, आधी पैसे भरा, असं म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका, आम्ही दिले होते.

सरावाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. मे महिन्यात आपल्याकडं पारा त्रेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पहाटे साडेपाचला मैदानावर आणि सात-साडेसातला घरी, बाकी दिवसभर पाणी. आपली मैदानं दगडासारखी, त्यावर लांब स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) बूट घालून पळलं की नडगी दुखायला लागते, म्हणून सरावाला छोट्या रबरी स्टडचे टर्फ शूज घ्या. गोलपोस्ट नसेल तर 7.32 मीटर सुतळी मोजून भिंतीवर चुन्यानं गोल आखा, 2.44 मीटर उंची. मग दोन कोपरे, खालचा डावा आणि खालचा उजवा, रोज कमजोर पायानं पन्नास शॉट, आणि ते शेवटी, दमल्यावर. ताज्या पायानं सगळेच मारतात, ऐंशीव्या मिनिटाला मारता आलं पाहिजे.

भाच्याला मी एक वही दिलीय. त्यात गोल लिहायचे नाहीत, शॉट लिहायचे. किती मारले, किती टार्गेटवर, गोलसमोरच्या बॉक्सच्या आतून किती. गेल्या पावसाळ्यात सात मॅच गोल नव्हता, पोरगं रात्री रडायचं, पण वही उघडली तर दर मॅचला तीन-चार शॉट होतेच, म्हणजे जागा बरोबर घेत होता. ज्या दिवशी शॉटच शून्य येतील त्या दिवशी कोचकडं जायचं, तोपर्यंत नाही.

खाण्याचं फार काही नाही. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, अंडी, डाळ, केळी, एवढ्यात भागतं. महागड्या डब्यातल्या पावडरी आम्ही कधी आणल्या नाहीत.

बारावी सोडू नका. प्रत्येक स्पर्धेचं सर्टिफिकेट जपा, राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही स्पोर्ट्स कोटा आहे. गुडघा गेला तर घर कशावर चालणार, हे आईच्या डोक्यात असतंच, तिला त्याचं उत्तर द्या.

आणि ट्रायलचं. पुण्याला असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन लगेच मैदानात उतरू नका, आदल्या दिवशीच जा. वीस मिनिटांच्या गेममध्ये बॉल पायाशी चार वेळा येतो, बाकी वेळ तुम्ही काय करता तेच कोच बघत असतो. खांद्यावरून मागं बघता का, डिफेंडरच्या नजरेआडून पळता का, बॉल समोरच्याकडं गेला की तो परत घ्यायला लगेच अंगावर जाता का. परतीच्या गाडीत पोराला काय झालं, घेतील का, असं विचारू नका. खिडकीजवळ बसवा, खायला द्या, आणि कुर्डुवाडी गेल्यावर वही त्याच्या हातात द्या.