फ्लेचर हेंडरसन यांची ध्वनिमुद्रणे कशी ऐकावीत

न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय जाझ बँडप्रमुख फ्लेचर हेंडरसन यांच्या नावावर शेकडो तबकड्या आहेत. पूर्वी त्यांतली एखादी मिळवायलाही खटपट करावी लागे, आज त्या सगळ्या एकदम समोर येतात आणि नवख्या श्रोत्याची खरी अडचण तिथूनच सुरू होते. कुठूनही सुरुवात केली तर चार-पाच तबकड्यांनंतर सगळे सारखेच वाटू लागते. म्हणून या वादनाकडे तारखांच्या क्रमाने जावे आणि प्रत्येक तबकडीला एकच प्रश्न विचारावा : यातले कागदावर लिहिलेले काय आहे, ते कोणी लिहिले आणि आयत्या वेळी सुचलेले काय आहे? हेंडरसन यांचे महत्त्व पियानोवादक म्हणून फारसे नाही. नृत्यासाठी वाजवणाऱ्या मोठ्या बँडला लिखित संगीत आणि मुक्त वादन एकत्र कसे नांदवावे हे त्यांच्या बँडने सापडवले, आणि ते सापडत जाताना तबकड्यांवर ऐकू येते.

पार्श्वभूमी थोडक्यात माहीत असावी. हेंडरसन यांचा जन्म 18 डिसेंबर 1897 रोजी जॉर्जिया राज्यातील कथबर्ट या गावी झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते आणि आई पियानो शिकवीत असे. अटलांटा विद्यापीठातून पदवी घेऊन रसायनशास्त्राच्या पुढील शिक्षणासाठी ते 1920 मध्ये न्यूयॉर्कला आले, परंतु पोटासाठी एका संगीत-प्रकाशन संस्थेत नवी गाणी वाजवून दाखवण्याचे काम त्यांनी धरले. ‘ब्लॅक स्वान’ ही ध्वनिमुद्रण कंपनी 1921 मध्ये निघाल्यावर तिचे संगीताचे काम ते पाहू लागले आणि रसायनशास्त्र मागे पडले. एथेल वॉटर्स, बेसी स्मिथ अशा गायिकांना साथ करता करता त्यांचा स्वतःचा बँड उभा राहिला आणि 1924 च्या उन्हाळ्यात ब्रॉडवेवरील ‘रोझलँड’ या नृत्यगृहात तो वाजू लागला. तिथे गोऱ्या ग्राहकांसमोर वॉल्ट्झपासून प्रचलित गाण्यांपर्यंत सगळे सफाईने वाजवावे लागे, त्यामुळे नोटेशन वाचता येणारे वादक हीच या बँडची पहिली अट होती. ही अट लक्षात ठेवली, तर सुरुवातीच्या तबकड्या इतक्या नीटनेटक्या आणि काहीशा ताठ का वाटतात, याचा उलगडा होतो.

ऐकायला बसण्यापूर्वी एक वही करावी. प्रत्येक ध्वनिमुद्रणासमोर तारीख, कंपनी, मॅट्रिक्स क्रमांक आणि संयोजकाचे, म्हणजे कोणत्या वाद्याने केव्हा काय वाजवावे हे ठरवून लिहिणाऱ्याचे, नाव लिहावे. मॅट्रिक्स क्रमांक म्हणजे मूळ मुद्रणाला दिलेला क्रमांक. तो बहुधा लेबलजवळच्या गुळगुळीत भागात उमटलेला असतो आणि त्यासोबत ते मुद्रण कितव्या खेपेचे आहे याचीही खूण अनेकदा असते. एकच धून त्याच दिवशी दोनदा मुद्रित झाली असेल आणि दोन्ही खेपा बाजारात आल्या असतील, तर दोन ठिकाणी ऐकलेले एकल वादन वेगळे निघते. ही माहिती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील ग्रंथालयाने चालवलेल्या अमेरिकी ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांच्या सूचीत विनामूल्य पाहता येते. ऑनलाइन व्हिडिओखाली कोणी लिहिलेल्या वादकांच्या यादीवर मात्र विसंबू नये.

नावांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. हा बँड वेगवेगळ्या कंपन्यांसाठी वेगवेगळ्या नावांनी वाजवीत असे : ‘हार्मनी’ या स्वस्त लेबलवर तो ‘डिक्सी स्टॉम्पर्स’ होतो, तर 1931 च्या काही तबकड्यांवर ‘कॉनीज इन ऑर्केस्ट्रा’. यात आणखी एक मेख आहे. कोलंबिया कंपनीने 1925 मध्ये मायक्रोफोनवर आधारलेले विद्युत ध्वनिमुद्रण स्वीकारले, परंतु तिच्याच मालकीच्या हार्मनी लेबलवर कर्ण्यासमोर वाजवून घेण्याची जुनी पद्धत पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. त्यामुळे 1927 ची डिक्सी स्टॉम्पर्सची तबकडी कानाला 1923 ची वाटू शकते. केवळ आवाजाच्या पोतावरून काळ ठरवणे इथे धोक्याचे आहे. वेगाचेही तसेच : कर्ण्याच्या काळातील कोलंबियाच्या तबकड्यांचा वेग मिनिटाला 80 फेरे असे आणि त्या 78 च्या वेगाने फिरवून उतरवून घेतल्या, तर सूर सुमारे पाव स्वराने खाली येतो. एखादी धून विनाकारण जड वाटली, तर दुसऱ्या ठिकाणची प्रत ऐकून पाहावी.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे. पहिला थांबा 1923 चा ‘डिक्टी ब्लूज’. तो एकदाच ऐकला तरी चालेल, कारण त्याचे काम पुढच्या तबकड्यांना पाया देण्याचे आहे. ठेका टोकदार आणि उड्या मारणारा आहे, बँजो तो धरून आहे आणि लयीचा झोका अजून कोणाच्याच अंगात आलेला नाही.

त्यानंतर लगेच 30 ऑक्टोबर 1924 रोजी मुद्रित झालेले ‘कोपनहेगन’ घ्यावे आणि इथे मात्र रेंगाळावे. कॉर्नेट हे ट्रंपेटसारखे वाद्य वाजवणारे लुई आर्मस्ट्राँग शिकागोहून येऊन त्या वेळी काही आठवडेच झाले होते. संयोजन सॅक्सोफोन वाजवणाऱ्या डॉन रेडमन यांचे आहे. पहिल्या खेपेस कोणत्याही वाद्याकडे विशेष लक्ष न देता फक्त आवर्तने मोजावीत : चार मात्रांचे एक माप, अशी बारा मापे झाली की ब्लूज या गीतप्रकाराचे एक आवर्तन पुरे होते, आणि या धुनेत सोळा मापांचे भागही मधेमधे येतात. दुसऱ्या खेपेस सूत्र कोणाकडून कोणाकडे जाते ते टिपावे. कधी सगळे मिळून वाजवतात, कधी तीन क्लॅरिनेट एकत्र येतात, कधी ट्रोम्बोन मधे शिरतो, आणि हे हस्तांतर इतके भराभर होते की ते लिहून ठेवल्याशिवाय शक्य नव्हते, हे तिसऱ्यांदा ऐकण्याआधीच पटते. तिसरी खेप आर्मस्ट्राँग यांच्या एकल वादनासाठी ठेवावी. त्यांचे आवर्तन सुरू होताच बाकीचा बँड एकदम जुना वाटू लागतो. याच धुनेची ‘वुल्व्हरिन्स’ या गोऱ्या तरुणांच्या लहान बँडने त्याच वर्षी मे महिन्यात केलेली तबकडी शेजारी ठेवून ऐकली, तर रेडमन यांनी किती भर घातली हे नेमके कळते.

मे 1925 मधील ‘शुगर फुट स्टॉम्प’ ही आर्मस्ट्राँग यांचे गुरू किंग ऑलिव्हर यांच्या ‘डिपरमाऊथ ब्लूज’ची नवी मांडणी आहे. ऑलिव्हर यांच्या 1923 च्या तबकडीवर आर्मस्ट्राँग दुय्यम कॉर्नेट वाजवीत होते. इथे ते गुरूचे तीन आवर्तनांचे एकल वादन स्वतः वाजवतात. आधी ऑलिव्हर आणि मग आर्मस्ट्राँग असे लागोपाठ ऐकावे. स्वर जवळपास तेच, पण ते लयीवर कुठे टेकतात ते पाहावे. ख्यालात तीच बंदिश दोन गवयांकडून ऐकताना आपण समेवर येण्याची ढब पाहतो, तसेच हे आहे.

आर्मस्ट्राँग नोव्हेंबर 1925 मध्ये शिकागोला परतले आणि त्यांनी मागे सोडलेली लय हळूहळू साऱ्या बँडमध्ये भिनली. याचा पुरावा 1926 च्या ‘द स्टँपीड’मध्ये आहे. कोलमन हॉकिन्स यांचा टेनर सॅक्सोफोन इथे पहिल्यांदा आत्मविश्वासाने बोलतो. त्याच वर्षीच्या ‘हेंडरसन स्टॉम्प’वर पियानो फॅट्स वॉलर यांचा आहे, एवढे वहीत नोंदवून पुढे जावे.

पुढचा टप्पा खडतर आहे. रेडमन 1927 मध्ये बँड सोडून डेट्रॉइटला गेले, 1928 मध्ये हेंडरसन यांना मोटार अपघात झाला आणि त्यानंतरच्या दोन वर्षांतली ध्वनिमुद्रणे अगदी थोडी आहेत. या काळासाठी ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ पुरे आहे, कारण जेली रोल मॉर्टन यांची ही धून हेंडरसन यांनी 1928, 1932 आणि 1933 अशी तीन वेळा मुद्रित केली. तिन्ही ओळीने ऐकावीत आणि प्रत्येक वेळी केवळ शेवटच्या मिनिटाकडे लक्ष द्यावे. ट्रंपेट-ट्रोम्बोन एक छोटा तुकडा फेकतात आणि सॅक्सोफोन त्याला उत्तर देतात. 1928 मध्ये हे सवाल-जवाब अजून विसविशीत आहेत आणि पाच वर्षांनी ते घट्ट झालेले दिसतात. हे आरंभी कागदावर नव्हते, तालमींत तोंडी बसवलेले होते. दरम्यान ट्यूबा या खर्जाच्या फुंकवाद्याच्या जागी उभा बास हे मोठे तंतुवाद्य आणि बँजोच्या जागी गिटार आल्यामुळे खालचा ठेका उड्या सोडून वाहू लागला, हेही याच तबकड्यांत कानाला कळते. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’मधील गाण्यांत ट्रंपेट आणि सॅक्सोफोनचे तुकडे ज्यांनी मन लावून ऐकले आहेत, त्यांचा कान या देवाणघेवाणीला सरावलेला असेल. त्यांचे सहायक असलेले गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट मुंबईच्या जाझ बँडांतूनच चित्रपटांत आले होते.

हेंडरसन स्वतः संयोजक म्हणून पुढे येतात ते रेडमन गेल्यानंतर, विशेषतः 1930 नंतर. 1920 च्या दशकातील संयोजनांचे श्रेय सरसकट त्यांना देणारे लेखन आढळले, तर वहीत दुरुस्ती करावी. त्यांचा स्वतःचा हात पाहायचा, तर सप्टेंबर 1934 मधील ‘डाऊन साऊथ कँप मीटिंग’ आणि ‘रॅपिंग इट अप’ या दोन तबकड्या घ्याव्यात. वाक्ये आखूड, जागा मोकळ्या, एकल वादकाच्या पाठीशी गटाचा फक्त हलका आधार आणि एकही स्वर फुकट खर्च केलेला नाही. माझ्या मते त्यांच्या नावावरचे हे सर्वांत चांगले काम आहे, आणि ते झाल्यावर थोड्याच दिवसांत बँड मोडावा हे त्यांचे दुर्दैव.

पैशांची गरज होती, म्हणून त्यांनी आपली संयोजने बेनी गुडमन यांना विकली. गुडमन यांचा बँड तेव्हा राष्ट्रीय रेडिओवरील नृत्यसंगीताच्या कार्यक्रमात वाजत होता. त्यांनी 1 जुलै 1935 रोजी मुद्रित केलेले ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ 1933 च्या आवृत्तीला लागून ऐकावे. आराखडा हेंडरसन यांचाच आहे. गुडमन यांचे वादक अधिक काटेकोर आहेत, बनी बेरिगन यांचा ट्रंपेट लखलखीत आहे, पण 1933 मधली बेफिकीर धग तिथे नाही, असे मला वाटते. वाचकाने स्वतः ऐकून ठरवावे. ऑगस्ट 1935 मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘पालोमार’ नृत्यगृहात गुडमन यांना जे अफाट यश मिळाले, त्यात या संयोजनांचा वाटा मोठा होता.

शेवटी 1936 चे ‘ख्रिस्टोफर कोलंबस’ ऐकावे. रॉय एल्ड्रिज यांचा ट्रंपेट आणि चू बेरी यांचा सॅक्सोफोन असलेला हा नवा बँड त्या वेळी शिकागोत वाजत होता. तो फार टिकला नाही आणि 1939 मध्ये हेंडरसन गुडमन यांच्याकडे पियानोवादक व संयोजक म्हणून रुजू झाले. 29 डिसेंबर 1952 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. चाळीसच्या दशकातील तबकड्या अभ्यासाच्या पहिल्या फेरीत वगळल्या तरी नुकसान होत नाही. त्याऐवजी 1924 ते 1926 मधील डिक्सी स्टॉम्पर्स आणि इतर टोपणनावांखालची मुद्रणे वहीत तारखेप्रमाणे मूळ क्रमात घालावीत आणि ‘कोपनहेगन’पासून पुन्हा सुरुवात करावी.